इंग्रजी भूतकाळाचा पूर्वेतिहास

आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या बहुतेक प्रत्येक माणसाच्या बालपणांत तीन रकान्यांचें एक कोष्टक असतें. ‘गो, वेंट, गॉन, सिंग, सँग, संग, ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’ अशी ती माळ पाढ्यांच्या चालीवर पाठ करावयाची, आणि पाढ्यांप्रमाणेंच तिच्याविषयीं शंका काढावयाची नाहीं. साता आठे छप्पन्न कां, हें निदान चिंचोके मोजून दाखवितां येतें. पण ‘वॉक’चें ‘वॉक्ड’ होतें तर ‘गो’चें ‘गोड’ कां होत नाहीं, असें विचारणारा मुलगा बहुधा उद्धट ठरतो. ‘गोड’ हें रूप कानाला कितीहि गोड लागलें तरी तें चूक, आणि चूक कां तर कोष्टकांत नाहीं म्हणून! ह्यापुढें कोणाचाहि तर्क जात नसे. शिक्षकांचाहि जात नसे. कारण तेहि तेंच कोष्टक पाठ करून शिक्षक झालेले.

प्रस्तुत लेखक ह्या परंपरेंतलाच. महाविद्यालयांत शिकवावयास लागून मला दोन-तीन वर्षें झालीं असतील, तेव्हांची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या गांवावर लिहिलेल्या निबंधांत दुष्काळाच्या सालीं गांवकर्‍यांनीं विहीर खणली हें सांगतांना ‘डिग’चा भूतकाळ ‘डिग्ड’ असा केला होता. मीं त्या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढली. तेवढ्यानें समाधान न होऊन तें वाक्य सर्व वर्गास वाचून दाखविलें. वर्ग हंसला. मीहि हंसलों. त्या दिवसानंतर तो मुलगा माझ्या वर्गांत कधींहि तोंड उघडून बोलला नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं इंग्लंडांतील १६११ सालचें बायबलाचें प्रसिद्ध भाषांतर मी वाचीत होतों. त्यांत इसहाकाच्या चाकरांनीं विहिरी खणल्याची कथा आहे. आणि तेथें, ज्या ग्रंथाला इंग्रजी गद्याचा आदर्श मानतात त्या ग्रंथांत, विहीर खणण्याच्याच प्रसंगीं, ‘डिग्ड’ हेंच रूप छापलेलें मला दिसलें.

त्या दिवशीं मला जी लाज वाटली तिच्यापोटीं ह्या विषयाचा माझा खरा अभ्यास सुरू झाला. तीन रकान्यांचें तें कोष्टक आलें कोठून, तें ठरविलें कोणी, आणि त्याबाहेर पडणार्‍या रूपाला चूक म्हणण्याचा अधिकार कोणास व कितपत आहे, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मला जेवढीं सांपडलीं तेवढीं वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ज्यांस आपण ‘अनियमित’ म्हणतों तीं क्रियापदें मुळांत अनियमित नव्हतीं. जर्मन पंडित याकोब ग्रिम ह्यानें १८१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या जर्मन व्याकरणांत ह्या भाषाकुळांतील क्रियापदांचे दोन वर्ग केले. जीं आपल्या पोटांतील स्वर बदलून भूतकाळ दाखवितात तीं ‘सबळ’, आणि ज्यांस त्यासाठीं बाहेरून ‘ड’ किंवा ‘ट’ हा प्रत्यय उसना घ्यावा लागतो तीं ‘दुर्बळ’. ‘सिंग–सँग’ हें सबळ. ‘लव्ह–लव्ह्ड’ हें दुर्बळ. एक हजार वर्षांपूर्वींच्या प्राचीन इंग्रजींत सबळ क्रियापदें तीनशेंहून अधिक होतीं आणि स्वर कसा बदलावयाचा ह्याचे सात गण ठरलेले होते. ‘राइड’, ‘राइज’, ‘राइट’ हीं एका गणाचीं; ‘सिंग’, ‘ड्रिंक’, ‘बाइंड’ हीं दुसर्‍या गणाचीं. संस्कृत धातूंचे दहा गण ज्यांनीं घोकले आहेत त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. आज आपणांस जो नुसता गोंधळ दिसतो तो एका पडलेल्या वाड्याचा अवशेष आहे. चार भिंती व दोन कमानी उभ्या राहिल्या. बाकीचा वाडा गेला, म्हणून त्या कमानी भलत्याच जागीं उभ्या आहेतशा वाटतात.

त्या वाड्याचा पाया मात्र आपल्या ओळखीचा आहे. १७८६ सालीं कलकत्त्यास सर विल्यम जोन्स ह्यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचें मूळ एक असावें असें मत मांडलें. आणि १८१६ त फ्रान्झ बॉप ह्यानें संस्कृत क्रियापदांच्या रूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांतील रूपांशीं पद्धतशीर तुलना केली. तुलनात्मक भाषाशास्त्राचा हा आरंभच मुळीं क्रियापदांपासून झाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ‘बाइंड’ म्हणजे आपला ‘बन्ध्’, ‘सिट्’ म्हणजे ‘सद्’, ‘बेअर’ म्हणजे ‘भृ’, ‘ईट’ म्हणजे ‘अद्’. हे सर्व सबळ धातु आहेत, आणि त्यांचा स्वर भूतकाळीं बदलतो तो आपल्या ‘विद्’चें ‘वेद’ होतांना जो बदलतो त्याच जातीचा. आपले वैयाकरण त्याला गुण-वृद्धि म्हणतात. संस्कृतांतील लिट् लकार, म्हणजे परोक्षभूत, ह्याचें आणि इंग्रजी सबळ भूतकाळाचें मूळ एकच. संस्कृतांत ‘बबन्ध’, ‘बभार’, ‘ससाद’ असें धातूचें द्वित्व होतें. इंग्रजीनें तें जवळजवळ सर्व टाकून दिलें. परंतु चौथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें बायबलाचें भाषांतर ज्या गॉथिक भाषेंत केलें तींत कांहीं क्रियापदांचें असें द्वित्व अजून स्पष्ट दिसतें. ‘सिंग–सँग–संग’ म्हणून बाकावर डोलणारा आपल्याकडील मुलगा, आपल्या आजोबांच्या तोंडच्या ‘विवेद विविदतुः विविदुः’ची दूरची भावंडेंच पाठ करीत असतो, पण हें त्याला कोणी सांगत नाहीं.

ह्या नात्याचा एक पुरावा तर इतका मनोरम आहे कीं तो सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. इंग्रजींत ‘वॉज’ हें एकवचन आणि ‘वेअर’ हें अनेकवचन. एका ठिकाणीं ‘स’च्या जातीचा वर्ण व दुसर्‍या ठिकाणीं ‘र’ असें कां, ह्याचें उत्तर कित्येक वर्षें कोणास देतां येत नव्हतें. कार्ल व्हर्नर ह्या तरुण डॅनिश पंडितानें १८७५ त ह्याचा उलगडा केला. अशी कथा आहे कीं, दुपारीं झोंप यावी म्हणून त्यानें बॉपचा ग्रंथ हातीं घेतला आणि त्यांतील संस्कृत शब्दांवरील स्वरचिन्हांकडे त्याचें लक्ष गेलें. वैदिक संस्कृतांत लिट् लकाराच्या एकवचनीं उदात्त स्वर धातूवर असतो. अनेकवचनीं तो सरकून प्रत्ययावर जातो. ‘वस्’ धातूचें ‘उवास’ घेतलें तर उदात्त ‘वा’वर, आणि ‘ऊषुः’ घेतलें तर अखेरच्या अक्षरावर. व्हर्नरनें दाखविलें कीं, हाच स्वर एके काळीं जर्मानिक भाषांतहि होता. ज्या रूपांत आघात आधींच्या अक्षरावर होता तेथें ‘स’ टिकला, आणि जेथें तो नव्हता तेथें ‘स’ मऊ होऊन अखेर त्याचा ‘र’ झाला. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ हीं त्याच ‘वस्’ धातूचीं रूपें होत. आघात केव्हांच गेला. पण ऋग्वेद म्हणतांना आपले वैदिक जो स्वर हातानें दाखवितात, त्याची खूण लंडनच्या रस्त्यावरील भाजीवाल्याच्या बोलण्यांत अजून उरली आहे!

आतां दुर्बळ क्रियापदांकडे वळूं. त्यांचा ‘ड’ कोठून आला ह्याविषयीं पंडितांत अजून एकमत नाहीं. परंतु बहुतेकांस मान्य असलेलें मत असें कीं, ‘करणें’ ह्या अर्थाच्या क्रियापदाचें भूतकाळाचें रूप पूर्वीं मूळ क्रियापदापुढें जोडीत व कालांतरानें तें झिजून प्रत्यय बनलें. गॉथिकमध्यें ह्या प्रत्ययाचें अनेकवचन ‘देदुम्’ असें लांबलचक आहे, आणि त्यांत ‘डिड’चा भास स्पष्ट होतो. इंग्रजी ‘डू’ म्हणजे आपला ‘धा’ धातु. तेव्हां ‘लव्ह्ड’ म्हणजे मुळांत ‘प्रेम केलें’ अशासारखीच रचना. नवें क्रियापद भाषेंत आलें कीं त्याला ‘केलें’ जोडून मोकळें व्हावें, ही युक्ति मराठी माणसास समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आपण रोज ‘फोन केला’, ‘अर्ज केला’ म्हणतच असतों.

ही युक्ति सोपी होती म्हणूनच ती जिंकली. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. पुढें दोन-तीन शतकें दरबाराची व न्यायाची भाषा फ्रेंच होती आणि इंग्रजी ही कुणब्या-कारागिरांच्या तोंडीं राहिली. तिच्या रूपांवर पहारा करणारे पंडित व लेखक उरले नाहींत. फ्रेंच भाषेंतून शेंकडों क्रियापदें आलीं आणि त्यांनीं, अगदीं थोडे अपवाद सोडून, ‘ड’ हाच प्रत्यय घेतला. त्यांच्या संगतीनें जुन्या सबळ घराण्यांतील मंडळीहि हळूहळू दुर्बळांच्या पंक्तीस बसूं लागली. ‘वॉक’, ‘स्टेप’, ‘बेक’, ‘लाफ’ हीं आज अगदीं नियमित वाटणारीं क्रियापदें प्राचीन इंग्रजींत सबळ होतीं. ‘हेल्प’चा भूतकाळ शेक्सपिअरच्या काळींसुद्धां ‘होल्प’ असा आढळतो, आणि १६११ च्या त्याच बायबलांत ‘होल्पन’ हें रूप आहे. आज परीक्षेंत कोणी ‘होल्प’ लिहील तर त्याचे गुण जातील. आणि चॉसरच्या काळच्या पंतोजीस आपलें ‘हेल्प्ड’ गांवढळ वाटलें असतें.

हा ओघ एकाच दिशेनें वाहिला असता तर इतिहास सोपा झाला असता. परंतु कांहीं क्रियापदें उलट दिशेनेंहि गेलीं. ‘वेअर’ म्हणजे नेसणें-घालणें, हें मुळांत दुर्बळ. पण ‘बेअर–बोअर’च्या सहवासानें तें ‘वोअर’ म्हणूं लागलें. ‘रिंग’ हें दुर्बळ. ‘सिंग’च्या शेजारीं राहून त्यानें ‘रँग’ हें रूप घेतलें. ‘कॅच’ आणि ‘स्ट्राइव्ह’ हीं तर फ्रेंचांकडून आलेलीं. पण एकानें ‘कॉट’ व दुसर्‍यानें ‘स्ट्रोव्ह’ असा अस्सल इंग्रजी वेष केला. आणि आमचें ‘डिग’ हें त्याच वर्गांतलें. त्याचें जुनें व नियमित रूप ‘डिग्ड’ हेंच. ‘डग’ हें ‘स्टिक–स्टक’ अशा जोड्यांच्या नादानें मागाहून रूढ झालेलें. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यानें लिहिलें तें रूप जुनें होतें, आणि ज्याच्या जोरावर मीं त्याला हंसलों तेंच मूळचें अपभ्रष्ट होतें!

दुसरा घोटाळा निराळ्या प्रकारचा आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तोच अधिक छळतो. प्राचीन इंग्रजींत सबळ क्रियापदाला भूतकाळीं दोन स्वर असत. ‘मी गाइलें’ म्हणतांना ‘सांग’, ‘आम्ही गाइलें’ म्हणतांना ‘सुंगोन’. आणि धातुसाधिताचें रूप ‘सुंगेन’ हें तिसरें. पुढें एकवचन-अनेकवचनाचा भेद भाषेनें टाकला. दोन रूपांपैकीं एक ठेवावयाचें, एक सोडावयाचें, असा प्रसंग प्रत्येक क्रियापदावर आला. परंतु सर्वांनीं एकत्र बसून ठराव केला नाहीं. ‘सिंग’ व ‘राइड’ ह्यांनीं एकवचनाचें रूप ठेवलें. ‘बाइट’नें अनेकवचनाचें ठेवलें. ‘बाइंड’, ‘क्लिंग’, ‘स्लिंग’ ह्यांनीं अनेकवचन व धातुसाधित ह्यांचाच स्वर सर्वत्र पसरूं दिला. ‘श्रिंक’, ‘सिंक’, ‘स्प्रिंग’ ह्यांचा निर्णय तर आजतागाईत पुरता झालेला नाहीं. ‘श्रँक’ व ‘श्रंक’ दोन्हीं रूपें भूतकाळीं चांगल्या कोशांत नोंदलेलीं सांपडतील. सगळ्या क्रियापदांत एकट्या ‘वॉज–वेअर’नें तो जुना भेद जतन केला आहे.

मग ‘गो’चें काय? त्याचें जुनें भूतकाळाचें रूप ‘एओदे’ असें अगदींच वेगळें होतें. तें लोपलें, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंड’ म्हणजे वळणें, वाट धरणें, ह्या शेजारच्या क्रियापदाचा भूतकाळ ‘वेंट’ हा उचलून रिकाम्या जागेवर बसविण्यांत आला. ह्याला कोणी विचित्र म्हणेल. पण त्यानें आपल्या घरांत पाहावें. आपण ‘जाणें’ म्हणतों तें संस्कृत ‘या’ धातूपासून, आणि ‘गेला’ म्हणतों तें ‘गम्’ धातूच्या ‘गत’ ह्या रूपापासून. वर्तमानकाळ एका घरचा, भूतकाळ दुसर्‍या घरचा! हजारों मैलांवरील दोन भाषांनीं ‘जाणें’ ह्याच क्रियेच्या बाबतींत एकमेकींस न विचारतां तोच व्यवहार केला. ‘वेंट’ पाठ करतांना आपली मुलें रडतात; ‘गेला’ मात्र तीं कोणी न शिकवितां म्हणतात.

येथवर जें घडलें तें लोकांच्या तोंडीं घडलें. त्यावर ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ अशी मोहोर उठविण्याचा उद्योग मुख्यतः अठराव्या शतकाचा. १७१२ सालीं जोनाथन स्विफ्टनें भाषा सुधारून कायम करण्याविषयीं एक पत्ररूप सूचना प्रसिद्ध केली. तींत, कवि व इतर लेखक भूतकाळाच्या प्रत्ययांतील स्वर गाळून शब्द आंखूड करतात व त्यामुळें व्यंजनांची कर्णकटु गर्दी होते, अशी त्याची तक्रार होती. आज आपण ज्याला शुद्ध उच्चार म्हणून शिकवितों तोच स्विफ्टच्या मतें बिघाड होता. भाषेला बांध घालणारी विद्वत्सभा स्थापावी ही त्याची इच्छा सफळ झाली नाहीं. पण तें काम व्याकरणकारांनीं हातीं घेतलें. १७६१ त जोसेफ प्रीस्टलीनें, आणि १७६२ त रॉबर्ट लाउथनें, अशीं दोन व्याकरणें एका वर्षाच्या अंतरानें निघालीं. प्रीस्टली हा पुढें प्राणवायूच्या शोधाबद्दल प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ. त्याचें म्हणणें असें कीं, भाषेंत रूढि हेंच प्रमाण. दोन रूपें चालत असतील तर लोकच कालांतरानें बरें तें निवडतील. लाउथ हा ऑक्सफर्ड येथें काव्याचा अध्यापक होता व पुढें लंडनचा बिशप झाला. त्याचें म्हणणें असें कीं, थोरांच्या लिहिण्यांतहि चुका असतात आणि त्या दाखविल्याच पाहिजेत. त्यानें तळटीपांत मिल्टन, ड्रायडन, पोप, ॲडिसन अशांचीं वाक्यें घेऊन त्यांचे दोष दाखविले. ह्या लेखकांच्या काळीं ‘हॅव’पुढें ‘रिटन’ न म्हणतां ‘रोट’, ‘ड्रंक’ न म्हणतां ‘ड्रँक’ म्हणण्याची चाल शिष्टांतहि होती. लाउथनें ती अशुद्ध ठरविली.

लाउथवर अन्याय होऊं नये. त्याचा हेतु भूतकाळ व धातुसाधित ह्यांचा भेद स्पष्ट राहावा हा होता, आणि तो अप्रयोजक म्हणतां येणार नाहीं. परंतु ग्रंथाचें भवितव्य ग्रंथकाराच्या हातीं नसतें. १७९५ त लिंडले मरे ह्या अमेरिकेंतून येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या वकिलानें तेथील एका मुलींच्या शाळेसाठीं व्याकरणाचें पुस्तक लिहिलें. त्यांतील पुष्कळसा भाग लाउथवरून घेतलेला. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजी जेथें जेथें शिकविलें जाई तेथें तें पसरलें. लाउथनें जी चर्चा म्हणून मांडली ती मरेच्या पिढीपासून आज्ञा झाली. प्रीस्टलीचें मत ग्रंथालयांत राहिलें. लाउथचें शाळेंत गेलें. शाळेंत जें जातें तेंच टिकतें, हें आम्ही शिक्षकांनीं जितकें ओळखावयास पाहिजे तितकें ओळखलेलें नाहीं.

आपल्या देशांत इंग्रजी आलें तें ह्या आज्ञांच्या जमान्यांत. १८३५ सालीं मेकॉलेचा खलिता निघाला, १८५७ त मुंबईस विद्यापीठ स्थापन झालें. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ त मराठीचें व्याकरण लिहिलें, त्याच्या मांडणींतसुद्धां इंग्रजी व्याकरणाची सावली दिसते. इंग्रज मुलाला हीं रूपें घरीं आईच्या तोंडून मिळत. कोष्टक त्याच्या ज्ञानावर फक्त शिक्का मारी. आपल्या मुलाला घरीं आईच्या तोंडून ओवी मिळे. इंग्रजी रूपें मिळत तीं कोष्टकांतूनच. म्हणून कोष्टक हेंच त्याचें इंग्रजी झालें. त्यांतून ज्यांचे वडील इंग्रजी शिकलेले त्यांचा निभाव लागे. ज्यांच्या घरांत पहिलें इंग्रजी अक्षर त्यांच्याच पाटीवर उमटलें, त्यांच्या वाट्यास तांबडी रेघ येई. ‘ड्रँक’ कीं ‘ड्रंक’ हा प्रश्न तेथें व्याकरणाचा उरत नसे. नोकरीचा, प्रतिष्ठेचा, क्वचित् सार्‍या आयुष्याचा होऊन बसे. हें आजहि पुष्कळ अंशीं खरें आहे.

ह्या रूपांचें पुढें काय होणार, ह्याविषयीं अलीकडे एक सुंदर गणित झालें आहे. हार्वर्ड विद्यापीठांतील कांहीं संशोधकांनीं २००७ सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत तें प्रसिद्ध केलें. प्राचीन इंग्रजींतील १७७ अनियमित क्रियापदांचा त्यांनीं माग काढला. मध्ययुगीन इंग्रजींत त्यांपैकीं १४५ अनियमित राहिलीं होतीं. आज ९८ आहेत. जें क्रियापद जितकें कमी वापरांत, तितकें तें लवकर नियमित होतें; आणि प्रमाण असें कीं, वापर शंभरपटीनें कमी असेल तर नियमित होण्याचा वेग दहापट असतो. उलट अत्यंत वापरांतील ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘गो’, ‘से’ हीं सारीं अनियमित आहेत व दीर्घकाळ राहतील. ह्याचा अर्थ सरळ आहे. रोज हाताळलेलें भांडें आपल्या आकारासकट लक्षांत राहतें. माळ्यावर ठेवलेलें वर्षानें खालीं काढलें तर त्याचें झांकण कोणतें, हें अंदाजानें ठरवावें लागतें. आपल्या मराठींतहि ‘बसला, उठला, चालला’ हा राजमार्ग. फारसी-अरबींतून आलेल्या शब्दांवरून झालेलीं ‘बदलला’सारखीं रूपें त्याच मार्गानें गेलीं. पण ‘केला, गेला, आला, मेला, घेतला, खाल्ला’ हीं वांकड्या वाटेचीं. करणें, जाणें, येणें, मरणें, खाणें ह्यांवांचून संसाराचा एक दिवस तरी जातो काय?

आणि लहान मुलें? १९५८ त जीन बर्को ह्या अमेरिकन विदुषीनें मुलांना कल्पित क्रियापदें सांगून त्यांचा भूतकाळ विचारला. ‘ग्लिंग’ ह्या अर्थहीन शब्दाचा भूतकाळ बहुतेक मुलांनीं ‘ग्लिंग्ड’ असा केला; प्रौढांपैकीं पुष्कळ ‘ग्लँग’कडे वळले. मुलांनीं तो शब्द पूर्वीं ऐकलेला असणें शक्यच नव्हतें. म्हणजे नियम त्यांच्या मनांत होता. इंग्रज घरांतील मूल प्रथम ऐकून ‘वेंट’ म्हणतें, मग नियम उमगला कीं ‘गोड’ म्हणूं लागतें, आणि कांहीं काळानें पुन्हा ‘वेंट’वर येतें. आपल्या घरांतलें मूलहि ‘केलं’च्या ऐवजीं मधूनच ‘करलं’ म्हणतें. तेव्हां आई हंसते, पण तें हंसणें कौतुकाचें असतें. कारण मूल शिकत आहे हें तिला समजतें. मूल चुकतें तें भाषा येत नाहीं म्हणून नव्हे. भाषेचा नियम त्याच्या हातीं आला म्हणून.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग काय वाटेल तें लिहूं द्यावें?’ मी तसें म्हणत नाहीं. परीक्षेच्या कागदावर, कचेरींतील पत्रावर आज ‘डग’ हेंच रूप लिहिलें पाहिजे आणि तें शिकविणें हें माझें कर्तव्य आहे. नाणें कोणत्या टांकसाळींत पडलें ह्याचा इतिहास कितीहि मनोरंजक असला तरी बाजारांत चालू नाणेंच द्यावें लागतें. पण बाद झालेलें नाणें आणि खोटें नाणें ह्यांत फरक आहे. ‘डिग्ड’ हें बाद झालेलें नाणें. तें चालत नाहीं एवढेंच सांगावें, देणार्‍याला चोर ठरवूं नये. अमेरिकेंत ‘गॉटन’ हें जुनें रूप अजून चालतें, इंग्लंडांत तें बहुतेक बाद झालें. ‘डाइव्ह’चें ‘डोव्ह’ अमेरिकेंत रूढ आहे, इंग्लंडांत ‘डाइव्ह्ड’. समुद्र ओलांडला कीं ज्याचा शुद्धपणा बदलतो त्याच्यासाठीं माणसाचा पाणउतारा करावयाचा, हा कोणता न्याय?

आतां मी वर्गांत अशीं रूपें आलीं म्हणजे निराळ्या रीतीनें वागतों. शब्दाखालीं रेघ ओढतों, पण शेजारीं प्रचलित रूप लिहून देतों. आणि वेळ असेल तर त्या रूपाची कुळकथा सांगतों. ‘तूं केलेंस तें नियमाप्रमाणें बरोबर आहे, भाषेनें येथें नियम सोडला आहे,’ असें म्हटल्यावर विद्यार्थ्याच्या चेहर्‍यावर जें उमटतें तें पाहण्यासारखें असतें. तें रूप मग तो सहसा विसरत नाहीं. तीन रकान्यांचें कोष्टक मीं फेकून दिलेलें नाहीं. पण तें आतां शिक्षापत्रासारखें न वाटतां वंशावळीसारखें वाटतें.

त्या विद्यार्थ्याची गांठ मात्र पुन्हा पडली नाहीं. दुसर्‍या वर्षीं तो आमच्या महाविद्यालयांत नव्हता. तो कां गेला हें मीं त्या वेळीं विचारलें नाहीं. विचारावें असें मला वाटलेंहि नाहीं. त्याच्या गांवानें दुष्काळांत खणलेल्या विहिरीला पाणी लागलें कीं नाहीं, हें त्या निबंधांत पुढें लिहिलेलें असलें पाहिजे. मीं तें वाचलें नव्हतें. माझें सर्व लक्ष त्या एका क्रियापदाकडे लागलें होतें.